रिकामे चौकोन

"वाक्य वाचायचं नाही," दळवीबाई म्हणाल्या. "वाक्य वाचलं की आपण वाहवत जातो. शब्द वाचायचे. एकेक."

त्यांनी माझ्यापुढे गणिताची चौकटीची वही उघडली आणि शेजारी एक पोस्टकार्ड ठेवलं. कार्ड मालनचं होतं. ती नांदायला गेल्यानंतरचं पहिलंच. एका चौकोनात एक शब्द, असं सगळं कार्ड मी वहीत उतरवायचं होतं. मग चांगल्या शब्दावर निळ्या पेन्सिलीनं खूण करायची, वाईट शब्दावर लाल. बाकीचे चौकोन रिकामे सोडायचे.

मी उतरवून काढलं. मी. खुशाल. आहे. घरची. माणसं. चांगली. आहेत. घरात. आनंद. आहे. दळवीबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. 'खुशाल'वर निळी खूण, 'चांगली'वर निळी, 'आनंद'वर निळी. पुढे लिहिलं होतं की गावात एसटी दुपारी एकला येते, थांब्यावर चिंचेचं झाड आहे, सावली चांगली आहे. त्यात आणखी एक 'चांगली' मिळाली. बाकी एसटी, दुपार, चिंच, झाड हे सगळे रिकामे चौकोन.

"चार निळ्या, लाल एकही नाही," दळवीबाई म्हणाल्या. "बघा, किती सोपं आहे. तुमचं अक्षर सुरेख आहे हो, शरयू."

मला बरं वाटलं, हे कबूल करते. सव्वीस वर्षांची होते मी. मॅट्रिक झाले होते, आणि तोवर कुणी माझ्या अक्षराकडे पाहिलंही नव्हतं.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. सांगलीत टाकलेल्या, घराबाहेर काढलेल्या बायकांसाठी एक आधारगृह होतं. त्याचं नाव लांबलचक होतं, आम्ही नुसतं 'सदन' म्हणायचो. दुष्काळानंतर तिथं बायकांची रीघ लागली होती. मी स्वतः चार वर्षांपूर्वी तशीच एक पत्र्याची पेटी घेऊन आले होते. मला न्यायला कुणी आलं नाही, मग मी तिथंच कारकून झाले. एखादीला न्यायला आलेच, तर सदनाच्या समितीची माणसं नवऱ्याला समोर बसवून कागदावर सही घेत आणि बाईला परत नांदायला पाठवत. गेलेल्या बाईनं दर पंधरा दिवसांनी सदनाला एक कार्ड टाकायचं, असा नियम होता. कार्डं आम्हीच देत असू, पत्ता घालून.

आणखी एक रीत होती, ती कागदावर कुठं लिहिलेली नव्हती. नांदायला जाणाऱ्या बाईनं आपली पेटी सदनात ठेवून जायची. ही रीत आत्यांनी पाडली. आत्या म्हणजे अंबूताई पट्टणकर, सदनाच्या पहिल्या दिवसापासूनच्या. त्या म्हणत, बाई मोकळ्या हातानं गेली म्हणजे तिचं निम्मं मन इथं राहतं, आणि तिकडच्यांनाही कळतं की हिला परतायला जागा आहे. बाई तिकडं रुजली की पेटी मागवून घ्यायची. मग आत्या पेटीवर कुंकवाचं बोट टेकवून ती एसटीच्या टपावर चढवून द्यायच्या आणि त्या दिवशी सगळ्यांना शिरा व्हायचा. पेट्यांच्या खोलीचा वास मला अजून आठवतो. डांबरगोळ्या, जुनं लोखंड, आणि कुणाच्या तरी पेटीत विसरलेला सुका खोबऱ्याचा तुकडा.

आधी कार्डं मी आत्यांना वाचून दाखवत असे. त्यांचे डोळे जाऊन दोन वर्षं झाली होती. शनिवारी दुपारी त्या खाटेवर भिंतीला टेकून बसायच्या, तपकिरीची डबी मुठीत धरून, आणि मी एकेक कार्ड वाचायची. एखादं कार्ड त्या दोनदा वाचायला लावत. मग म्हणत, "हिच्याकडं जाऊन या," नाहीतर "हिचं बरं चाललंय." कशावरून म्हणून कुणी विचारलं, तर त्यांना सांगता येत नसे.

समितीला तेच खटकलं. त्रेसष्ट बायका नांदायला गेलेल्या, आणि महिन्याला दोनच ठिकाणी भेट देता येत होती. आत्या लाडक्या बायकांकडेच माणूस पाठवतात, असं कुणीतरी म्हणालं. मागच्या वर्षी एका बाईला तिच्या नवऱ्यानं हात मोडेपर्यंत मारलं होतं आणि आम्हाला ते तीन महिन्यांनी कळलं, हेही खरं होतं. म्हणून मुंबईहून शिकून आलेल्या रोहिणी दळवींना नेमलं. त्या फार कष्टाळू होत्या. पहाटे उठून गार पाण्यानं अंघोळ करायच्या आणि बायकांना अहो-जाहो म्हणायच्या. आजही त्यांच्याविषयी वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. त्यांची पद्धत न्यायाची होती. सगळ्यांची कार्डं सारखी मोजायची, आणि एका कार्डात तीन लाल खुणा आल्या की भेट.

मालनविषयी आधी सांगायला हवं.

ती विट्याच्या पलीकडच्या हिवरखिंडीची सून. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. नवऱ्यानं, सर्जेरावानं, घालवून दिली तेव्हा अंगावरच्या लुगड्यानिशी आली होती. सदनात ती लिहायला शिकली आणि शिवायला. शिवण तिच्या हातात उपजतच होतं. वर्षाच्या आत शिकवणाऱ्या बाई तिलाच विचारून कापड बेतू लागल्या. शिवणवर्गात तिला बक्षीस म्हणून शिंप्याची मोठी कात्री मिळाली होती. तिचा स्क्रू जरा ढिला होता, त्यामुळे चालवताना कट् झाल्यावर बारीक किर्र आवाज यायचा. मालननं मुठीला लाल चिंधी गुंडाळली होती, अंगठ्याला लागू नये म्हणून. मी ती मागायची, ती द्यायची नाही. "ताई, नवरा मागा, कात्री मागू नका," म्हणायची, आणि सगळा वर्ग हसायचा.

सर्जेराव न्यायला आला त्या दिवशी ती पेटी ठेवायला माझ्याबरोबर खोलीत आली. सदनानं दिलेल्या त्या पेटीत सगळं नीट लावलेलं होतं. एक हिरवं पातळ, आरसा, लाकडी फणी, कात्री, आणि कापडात गुंडाळलेलं एक झबलं. झबलं तिनं उरलेल्या तुकड्यांचं शिवलं होतं. कुणासाठी ते मी विचारलं नाही. किल्ली तिनं माझ्या हातात दिली.

"तुमच्याकडंच र्‍हाऊ द्या. तिकडं कुणी बघितली तर इचारतील, कशाची म्हणून."

मग दारात थांबून म्हणाली, "ताई, दीर शाळा शिकलेला हाय. कार्ड त्यो वाचणार, मगच डब्यात टाकू देणार. वाईट काय लिवायचं झालं तर मला लिवता यायचं न्हाई."

"तू काहीही लिही," मी म्हणाले. "आम्ही ओळखू."

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आत्या आणि शनिवारची दुपार होती. पुढच्याच आठवड्यात दळवीबाई चौकटीच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या.

काम वाढलं, आणि शनिवारचं वाचन बंद पडलं. कुणी ते बंद केलं नाही. एकेक शब्द उतरवण्यात दुपार संपून जायची, एवढंच. आत्यांच्या खोलीवरून जाताना त्या पावलांवरून मला ओळखायच्या.

"शरू, मालनचं आलं का गं?"

"आलं की. पाच निळ्या, लाल नाही."

"मी रंग कुठं विचारले? काय लिहिलंय?"

"मजेत आहे म्हणते, आत्या." आणि मी पुढे जायची. हातात एकोणीस कार्डं असायची.

पद्धतीतल्या अडचणी पहिल्याच महिन्यात दिसल्या. कवठ्याच्या पारूचं कार्ड आलं. पारू बोलायला तशी लिहायलाही तोंडाळ. तिनं लिहिलं होतं, मला त्रास नाही, दुःख नाही, कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, शिव्या नाहीत. वहीत पाच लाल खुणा उमटल्या. मी म्हणाले, बाई, ती उलट चांगलंच सांगतेय. दळवीबाई म्हणाल्या, आपण अर्थ लावायला लागलो की पुन्हा तिथंच येऊ. आणि स्वतः गेल्या. पारूनं त्यांना पाटावर बसवून पुरणपोळी खायला घातली, सासूनं ओटीत शेंगा घातल्या, आणि परत येताना एसटीत दळवीबाईंचं पोट बिघडलं. त्या दोन दिवस झोपून होत्या आणि अंथरुणातूनच हसत होत्या. पुढे 'नाही' आलं की आधीचा शब्द मोजायचा नाही, असा नियम त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला. पण महिन्यातली एक भेट त्यात गेली.

मालनचं दुसरं कार्ड आलं. ती सुखात होती, सगळे प्रेमानं वागत होते. शेवटी लिहिलं होतं, पेटीतलं हिरवं पातळ यशोदाला द्या, तिला शोभेल. यशोदा सदनातलीच, तिच्या शेजारच्या अंथरुणावर झोपणारी. मी पेटी उघडून पातळ दिलं. यशोदा ते नेसून सगळ्या आवारात फिरली. 'शोभेल' हा शब्द चांगला धरायचा का, यावर माझी आणि दळवीबाईंची चर्चा झाली. आम्ही निळी खूण केली.

तिसऱ्या कार्डात आरसा आणि फणी नव्या मुलींना द्या असं होतं. थांब्यापासून आमचं तिसरं घर, दाराला निळा रंग आहे, असंही होतं. मी चौकोन भरत गेले. थांबा, तिसरं, घर, दार, निळा, रंग. एकही खूण नाही.

"या बाईंना पेटीतलं काही लागेनासं झालंय," दळवीबाई म्हणाल्या. "म्हणजे तिकडे सगळं मिळतंय. चांगलं लक्षण आहे."

मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर मला तसं वाटायला हवं होतं. तिमाही अहवालात दळवीबाईंनी मालनचं नाव पहिलं घातलं, सर्वांत समाधानी म्हणून. तिच्या निळ्या खुणा सगळ्यांत जास्त भरत होत्या.

चौथ्या कार्डात तिनं लिहिलं होतं, कात्री शरयूताई तुम्ही घ्या. तुम्हाला आवडायची. 'आवडायची'वर मी निळी खूण केली आणि उठून पेट्यांच्या खोलीत गेले. कात्री हातात घेतली तेव्हा मला खूप आनंद झाला. एवढी जीव लावून जपलेली वस्तू तिनं माझ्यासाठी सोडली, याचा. त्यापलीकडे मी विचार केला नाही.

पाचवं कार्ड जूनमध्ये आलं. झबलं कुणाला होईल त्याला द्या, असं त्यात होतं. सदनात एक ओली बाळंतीण होती, तिच्या मुलाला ते घातलं. बरोबर बसलं. पेटीत तळाला अंथरलेलं वर्तमानपत्र तेवढं राहिलं.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी दळवीबाई बैठकीला पुण्याला गेल्या. मला जरा सवड मिळाली, म्हणून ब्लाउजचं कापड घेऊन मी आत्यांच्या खोलीत जाऊन बसले. फार दिवसांनी बसले होते. त्यांनी सरकून मला जागा दिली. बाहेर शिवणवर्गाची यंत्रं चालू होती. मी जमिनीवर कापड पसरलं आणि कापायला घेतलं.

कट्, किर्र. कट्, किर्र.

आत्यांची तपकिरीची चिमूट नाकाजवळ थांबली.

"मालन आली का?"

"नाही, आत्या."

"मग ही कात्री?"

"तिनं मला दिली. पत्रातून. तुम्हाला सांगायचंच राहिलं."

"दिली म्हणजे?"

"तुम्ही घ्या म्हणून लिहिलं तिनं. पातळ यशोदाला दिलं, आरसा-फणी मुलींना. झबलंही देऊन टाकलं मागच्या पंधरवड्यात."

आत्यांनी डबीचं झाकण लावलं. हात खाटेवर पालथा ठेवला.

"सगळी कार्डं आण," त्या म्हणाल्या. "आणि वाच. पहिल्यापासून."

मी पाचही कार्डं आणली. वाचू लागले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी ती सलग वाचत होते. माझाच आवाज मला वेगळा ऐकू येत होता. पहिल्या कार्डातलं चिंचेचं झाड आलं, दुपारची एकची एसटी आली. दुसऱ्यातलं पातळ आलं. तिसऱ्यातलं निळं दार आलं, तेव्हा आत्या म्हणाल्या, "थांब. घराची खूण सांगितलीय तिनं?"

"हो."

"कुणी विचारली होती?"

"कुणी नाही."

"पुढं वाच."

कात्रीचं कार्ड मी वाचलं. त्यात शेवटी एक वाक्य होतं, ते मी चौकोनांत उतरवलं होतं पण मला आठवतच नव्हतं. मला आता शिवायचं काही राहिलं नाही. 'शिवायचं' रिकामं, 'काही' रिकामं, 'राहिलं' रिकामं. पाचव्या कार्डात होतं, एसटी अजून एकलाच येते.

वाचून झालं. आत्यांनी विचारलं, "पेटीत काय राहिलं?"

"काही नाही. तळाचा कागद."

"शरू," त्या म्हणाल्या, "जिला जगायचं असतं ती पेटी मागवते. नाहीतर पेटीकडं परत येते. वाटून कुणी टाकत नाही गं."

मी म्हणाले, दळवीबाईंची सही लागेल, त्या परवा येतील. लाल खूण एकही नाही, भेटीचं कारण काय लिहू?

"कारण मी आहे म्हणून लिही. उद्या पहाटेच्या गाडीनं जा. आणि ती पेटी संगं घेऊन जा, म्हणजे त्यांना वाटेल पेटी पोचवायला आलीस. येताना तिला घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी विट्याला गाडी बदलली आणि एक वाजता हिवरखिंडीला उतरले. कंडक्टरनं टपावरून पेटी खाली दिली. रिकामी असल्यामुळे ती हातात हलकी लागत होती. थांब्यावर चिंचेचं झाड होतं. खरंच सावली चांगली होती. बुंध्याशी एक गुळगुळीत दगड होता, बसून बसून झालेला. तिथून तिसरं घर दिसत होतं. दार निळं होतं. मी कधी न पाहिलेल्या गावात आले होते आणि मला कुणालाही वाट विचारावी लागली नाही.

दार अर्धं उघडं होतं. सोपा नुकताच सारवलेला. कोपऱ्यात पीठ पसरलेलं, वर एक पणती तेवत होती आणि तिच्यावर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं होतं. मी पेटी खाली ठेवली. पेटीचा पत्रा वाजला तेव्हा आतून म्हातारी बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे.

"सांगलीच्या का? तीन दिस झाले," ती म्हणाली. "हिरीवर पाय घसरला. कठडा न्हाई हिरीला."

मी खाली बसले. सर्जेराव दारात येऊन उभा राहिला. त्याच्यामागे एक तरुण बाई होती, नव्या हिरव्या बांगड्या भरलेली, पोटुशी. कोण म्हणून मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दीर कागद घेऊन आला. पोलीसपाटलाची सही, पंचनामा, सगळं रीतसर होतं. त्यानं मला पाणी विचारलं. तो चांगला बोलत होता. म्हणाला, वहिनी सदनाची फार आठवण काढायच्या, कार्ड कधी चुकवलं नाही त्यांनी. मीच बघून द्यायचो.

परत निघाले तेव्हा मालनची धाकटी जाऊ, त्या दिराची बायको, पेटीची एक कडी धरून माझ्याबरोबर थांब्यापर्यंत आली. सतरा-अठरा वर्षांची असेल. झाडाखाली पेटी ठेवल्यावर पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"नवी आणली तवापासनं ह्यास्नी गोठ्यात टाकलं हुतं," ती म्हणाली. "नवीचं पोट दिसाय लागलं, मग तर बोलायचंबी बंद."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"मी कुणाला सांगू? मी सोताच ह्या घरात नवी." मग दगडाकडे बोट केलं. "हितं बसायच्या. कार्ड टाकल्यापासनं चार-पाच दिस रोज. एकच्या टायमाला भाकरीची पाटी घिऊन रानात जायाच्या, तवा वाटंत हितं बसायच्या. गाडी येऊन गेली की उठायच्या. मी इचारलं एकदा, कुणाची वाट बगता? तर म्हणल्या, आमच्याकडची शाणी माणसं हायती, बरोबर येतील."

मी त्या गुळगुळीत दगडाकडे पाहत राहिले.

"त्या दिशी कार्ड टाकून आल्या. गाडी बगितली. मग घरी येऊन सगळ्यांची भांडी घासली, मला म्हणल्या, तुजं पोलकं उसवलंय, दे, टाका घालते. टाका घातला. आन् सांजच्याला पाण्याला गेल्या."

तिनं काखेजवळचा तो टाका मला दाखवला. बारीक, सरळ, एकसारखा. मी तो हजारात ओळखला असता.

मी सदनात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दळवीबाई पुण्याहून एक दिवस आधीच परतल्या होत्या आणि टेबलाशी बसल्या होत्या. माझं काम साचू नये म्हणून त्यांनी त्या दिवशीची कार्डं स्वतःच वहीत उतरवली होती. मला पाहताच त्या म्हणाल्या, "अहो शरयू, न विचारता कुठं गेलात? मालनबाईंचं कार्ड आलंय सकाळी. आठ निळ्या. आजवरच्या सगळ्यांत जास्त." शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं : भेटीची गरज नाही.

मी त्यांना सांगितलं. फार सांगायला लागलं नाही.

त्यांनी वही जवळ ओढली. लाल पेन्सिल घेतली. चौकोनांवरून बोट फिरवत त्या खाली गेल्या, पुन्हा वर आल्या. मग मागची पानं उलटली, पाचवं कार्ड, चौथं, तिसरं. पेन्सिलीचं टोक कागदाला टेकत होतं आणि उचललं जात होतं.

"कोणता शब्द?" त्या म्हणाल्या. "शरयू, मला एक शब्द दाखवा. एक तरी दाखवा ना."

मी शोधला. आम्ही दोघींनी शोधला. नव्हता.

कार्ड घेऊन मी आत्यांच्या खोलीत गेले. त्यांना माझ्या पावलांवरून कळलं असावं, कारण 'मालन कुठाय' असं त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. "शरयूताईंना नमस्कार. मी सुखात आहे. सगळे चांगले आहेत, घर आनंदात आहे, घरात लवकरच गोड बातमी आहे. पाऊस चांगला झाला. पेटी आता रिकामी झाली असेल. तिच्यापायी जागा अडवू नका, दुसऱ्या कुणा चांगल्या बाईला द्या. आत्यांच्या पायावर डोकं ठेवते. त्यांना आनंदात ठेवा. माझी काही तक्रार नाही. तुम्ही सगळे प्रेमळ आहात. तुम्ही ओळखलं असेलच."

"शेवटचं पुन्हा वाच," आत्या म्हणाल्या.

"तुम्ही ओळखलं असेलच."

त्यांनी हात पुढे केला. मी कार्ड दिलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं, जणू अक्षरं हाताला लागतील, आणि उशीखाली ठेवलं. जेवणाची घंटा झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "जा, बायका खोळंबल्यात."

दळवीबाई वर्षभरानं नोकरी सोडून गेल्या. शनिवारचं वाचन पुन्हा सुरू झालं ते आत्या होत्या तोवर चाललं, आणि त्यांच्यानंतर मी एकटीच मोठ्यानं वाचायची, भिंतीला टेकून. भेटी मात्र दोनच राहिल्या, आणि ओळखण्यात मीही पुढे चुकले. दोनदा.

सदन बंद पडलं तेव्हा उरलेल्या पेट्यांचा लिलाव झाला. मालनची पेटी मी घरी आणली. ती दुसऱ्या कुणाला द्यायला तिनं सांगितलं होतं, तेवढं माझ्याकडून झालं नाही.

कात्रीनं मी त्यानंतर कापड कापलं नाही. हिवरखिंडीहून आलेल्या त्याच रात्री, सगळ्या जेवायला बसल्यावर, मी पेट्यांच्या खोलीत गेले होते. पेटी तिच्या जुन्या जागी ठेवली. तळाच्या कागदावर कात्री ठेवली, लाल चिंधीची मूठ माझ्याकडे करून, आणि कुलूप लावलं. मग पेटी जरा आत ढकलली, तेव्हा आत कात्री इकडून तिकडे सरकली.